फोटोंचा स्लाइडशो झटके खात चालतो? नवीन लॅपटॉप घ्यायच्या पहिले हे करून पाहा

मामाच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम नागपुरात मनीषनगरच्या एका हॉलमध्ये होता आणि घरात कॉम्प्युटरचं कळणारा मीच म्हणून स्लाइडशो माझ्या गळ्यात पडला. १४० फोटो, मागे गाणं, फोटो हळूहळू झूम होतो, सरकतो, एकातून दुसरा उमलतो, म्हणजे नुसता फोटोमागून फोटो नाही, हलणारा. दोन रात्री जागून बनवला, घरच्या टीव्हीला लावला, आणि पहिल्याच फोटोपासून असा चालला जसं खड्ड्यातून ऑटो चाललाय. मावसभाऊ सोफ्यावरूनच म्हणाला, "ग्राफिक कार्ड टाक बे यात, काहून वेळ घालवून राहिला." दुसऱ्या दिवशी बर्डीवर एका दुकानात विचारलं तर त्याने लॅपटॉप उघडूनही न पाहता नवीन लॅपटॉपचा भाव सांगितला.

शेवटी एक रुपया न लावता चाललं. कसं ते सांगतो, पण एक अट आहे, क्रमाने करा. सगळी सेटिंग एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सगळ्यात पहिले: झटका कुठे बसतो ते लिहून काढा

हसू नका, खरंच कागद-पेन घ्या. स्लाइडशो तीनदा चालवा, जिथे अडकतो तिथली वेळ लिहा, १:१२, २:४०, अशी. मग तिन्ही वेळच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा.

दर वेळी त्याच फोटोवर अडकतो, त्यातही नवा फोटो येतानाच अडकतो, तर तो फोटो जड आहे. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकतो तर मशीन मागे दुसरं काहीतरी करून राहिली आहे, किंवा तापली आहे. आणि अडकत कुठेच नाही पण पूर्ण वेळ एक बारीक थरथर आहे, फोटो सरकताना जसा हात कापतो तशी, तर मग फोटोही बरोबर आणि मशीनही बरोबर, गडबड फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्या, हिशोबात आहे. या तिघांचे इलाज एकदम वेगळे आहेत. लोक इथेच चुकतात, थरथर असते आणि रॅम वाढवतात.

अजून एक गोष्ट याच वेळी पाहून घ्या, तुमचा स्लाइडशो लाइव्ह चालतो की तयार व्हिडिओ आहे? पॉवरपॉइंट किंवा एक्सई फाइलवाला स्लाइडशो लाइव्ह असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम त्या क्षणी बनते, हॉटेलात ऑर्डर दिल्यावर पोळी लाटतात तसं. एमपी४ व्हिडिओ म्हणजे पोळ्या आधीच करून डब्यात भरल्या, आता फक्त वाढायचं. लाइव्हमध्ये सगळा भार चालवायच्या वेळी येतो. आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रिव्ह्यू खिडकीत झटके दिसत असतील तर बिलकुल घाबरू नका, तिथे ते चालायचंच, प्रिव्ह्यूची क्वालिटी अर्धी किंवा पाव करा आणि एक मिनिटाचा तुकडा एक्स्पोर्ट करून, म्हणजे त्याचा तयार व्हिडिओ काढून, तो पाहा. निकाल त्या तुकड्यावर लावायचा, प्रिव्ह्यूवर नाही.

फोटो बारीक करा, दहातली सात दुखणी इथेच आहेत

हे नीट समजून घ्या, कारण फाइलचा आकडा फसवतो. फोटो ४ एमबीचा दिसतो म्हणून आपण म्हणतो काय जड आहे यात. पण जेपेग म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं, स्क्रीनवर दाखवायचा तर कॉम्प्युटरला ते पूर्ण सोडावं लागतं, आणि सोडल्यावर प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या एकेका ठिपक्याला, साधारण ४ बाइट लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४०००×३०००, सोडल्यावर ४८ एमबी. आजकालच्या फोनचा ५० मेगापिक्सेल मोडमधला फोटो, सुटला की २०० एमबी! एक फोटो. आणि एकातून दुसरा उमलताना दोन्ही एकाच वेळी मेमरीत पाहिजेत, शिवाय पुढचा मागून तयार होत असतो.

आता समोरची स्क्रीन पाहा. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, जेमतेम २१ लाख पिक्सेल. जुन्या लॅपटॉपची १३६६×७६८ असेल तर साडेदहा लाख. ५ कोटी पिक्सेल ओढत आणायचे आणि २१ लाख दाखवायचे, बाकी दर फ्रेमला फेकायचे. ट्रकभर संत्री कळमन्याच्या बाजारातून घरी आणून एक ग्लास रस काढण्यातला प्रकार आहे.

मग किती ठेवायचे? फोटो नुसता दिसणार, हलणार नाही, तर लांब बाजू १९२० पुरे. झूम होणार असेल तर जितका झूम तितकं जास्त, दीडपट झूमला २८८०, दुप्पटला ३८४०. मी सरसकट २८८० ठेवतो आणि ज्या दोन-चार फोटोंत एकाच चेहऱ्यावर जायचंय तेवढे मोठे सोडतो. २८८०×२१६० चा फोटो सुटल्यावर २५ एमबी होतो, म्हणजे त्या २०० वाल्याचा आठवा हिस्सा.

करायचं कसं? एक-एक करून नाही, वेडे व्हाल. इरफानव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उघडून कीबोर्डवर बी दाबा, बॅच कन्व्हर्जनची खिडकी येते. फोल्डरमधले सगळे फोटो उजवीकडे-खाली जी यादी आहे त्यात टाका, ॲडव्हान्स ऑप्शनवर टिक करून आत जा, रीसाइझमध्ये लांब बाजू २८८० लिहा, रीसॅम्पलवर टिक ठेवा म्हणजे क्वालिटी चांगली येते, आणि लहान फोटो मोठे करू नको असं जे खूण करायचं ठिकाण आहे ते नक्की करा. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो आधीच लांब बाजूला १६०० च्या आसपास असतात, ते ओढून २८८० केले तर वजन वाढतं आणि दिसायला तसेच धुरकट. आउटपुट फोल्डर वेगळा द्या. मी एकदा त्याच फोल्डरमध्ये केलं होतं आणि आजीच्या पंचाहत्तरीचे मूळ फोटो कायमचे बारीक झाले, आई आजही ऐकवते.

आयफोनवाल्या नातेवाइकांचे फोटो बहुतेक एचईआयसी नावाच्या प्रकारात असतात, ते सोडायला कॉम्प्युटरला जेपेगपेक्षा जास्त मेहनत पडते, काही प्रोग्राम तर उघडतच नाहीत, म्हणून त्यांना आधीच जेपेग करून घ्या.

पॉवरपॉइंट असेल तर बाहेर जायची गरज नाही. कुठल्याही फोटोवर क्लिक करा, पिक्चर फॉरमॅट, कॉम्प्रेस पिक्चर्स, तिथे फक्त याच फोटोला लावा अशी टिक असते ती काढा, कापलेला भाग डिलीट करा ही टिक ठेवा, आणि १५० पीपीआय, म्हणजे इंचाला १५० पिक्सेल, निवडा. १५० म्हटलं की लोकांना वाटतं फोटो फुटेल. नाही फुटत, रुंद स्लाइड १३.३३ इंचाची असते, गुणिले १५० म्हणजे २००० पिक्सेल, फुल एचडी स्क्रीनला बरोबर. फक्त जिथे झूम आहे ते फोटो हे झाल्यावर मूळ फाइलमधून पुन्हा टाका.

माझ्या १४० फोटोंचं एवढं केलं आणि अडकणं ८० टक्के तिथेच संपलं. राहिली ती थरथर.

थरथर: हा फ्रेमचा हिशोब आहे, मशीनचा नाही

टीव्ही किंवा मॉनिटर बहुतेक ६० हर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. तुमचा व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, चाल एकसारखी. पण तो २५ फ्रेमचा असेल तर ६० ला २५ ने भाग जात नाही, मग कोणती फ्रेम दोनदा, कोणती तीनदा, असं होतं आणि सावकाश सरकणारा फोटो लंगडायला लागतो. आपल्याकडे टीव्हीचं जुनं माप पाल, म्हणजे २५ फ्रेमचं, म्हणून बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये इंडिया किंवा पाल निवडलं की गुपचूप २५ लागून जातं. माझ्या प्रोजेक्टमध्येही २५ च निघालं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन ३० करा, मशीन पेलत असेल तर ६०, ६० वर सरकणं खरंच लोण्यासारखं दिसतं. मात्र हे सुरुवातीलाच ठरवा, अर्धा स्लाइडशो बनल्यावर फ्रेम रेट बदलला की काही प्रोग्राममध्ये गाण्याचा आणि फोटोंचा मेळ बिघडतो.

मॉनिटर किती हर्ट्झवर आहे ते पाहायला सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स डिस्प्ले. मोठा ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा, टीव्ही जुन्या लॅपटॉपला लावला असेल तर इथे ३० दिसू शकतं, कारण एचडीएमआय १.४ मधून ४के फक्त ३० हर्ट्झवरच जातं. तिथे रेझोल्यूशन उतरवून १९२०×१०८० करा, ६० मिळून जातील. व्हिडिओ तसाही तेवढाच आहे.

आता दुसरी, जास्त चेंगट थरथर. हळू झूम आणि हळू सरकणं, ज्याला केन बर्न्स इफेक्ट म्हणतात, त्या नावाच्या अमेरिकन डॉक्युमेंटरीवाल्यामुळे. समजा फोटो ६ सेकंदात ३०० पिक्सेल सरकवायचा आहे. ३० फ्रेमने ६ सेकंदात १८० फ्रेम, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १.६७ पिक्सेल. चांगला प्रोग्राम हे अपूर्णांकात सांभाळतो. कच्चा प्रोग्राम पूर्ण पिक्सेलच मोजतो, म्हणून तो २, १, २, २, १, २ अशा उड्या मारतो, आणि तीच थरथर. गंमत म्हणजे जितकं हळू सरकवाल तितकी ती जास्त दिसते. फोटो शेवटी अलगद थांबावा म्हणून आपण इझ-आउट लावतो, तर नेमकं शेवटच्या एका सेकंदात वेग पिक्सेलच्या खाली जातो आणि थांबता थांबता फोटो हुडहुडी भरल्यासारखा करतो. तुमची थरथर फक्त शेवटी येत असेल तर कारण हेच, बाकी काही शोधू नका.

यावर तीन उपाय. वेग थोडा वाढवा, ३०० ऐवजी ४५० पिक्सेल. किंवा इझ काढून सरळ एकसारखी चाल ठेवा. किंवा, मी हेच करतो, प्रोजेक्ट ४के चा बनवून एक्स्पोर्ट १०८० चा करा, म्हणजे एका पिक्सेलची उडी शेवटच्या व्हिडिओत अर्धीच उरते. एक्स्पोर्टला वेळ लागतो, चहा घेऊन या, तर्री पोहेही खाऊन या.

उलट टोकही आहे. फुटाळा तलावाच्या काठावरचा आमच्या पूर्ण खानदानाचा एक लांबलचक फोटो होता, तो मी २ सेकंदात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला. १९२० पिक्सेल, ६० फ्रेम, प्रत्येक फ्रेमला ३२ पिक्सेलची उडी. चेहरे एकाचे दोन-दोन दिसत होते. याला कोणतंही ग्राफिक कार्ड वाचवू शकत नाही, तिथे ८-१० सेकंदच द्यावे लागतात.

आणि साड्या! मामीचा लग्नातला फोटो, बारीक चौकडीची नऊवारी, झूम सुरू झाला की पदरावर मुंग्या चालल्यासारखं चमचम व्हायचं. लोक यालाही झटकाच म्हणतात, पण हा झटका नाही. मोठ्या फोटोतली बारीक रेघ लहान स्क्रीनवर कधी एका पिक्सेलवर पडते कधी शेजारच्या, म्हणून ती लुकलुकते. गवत, जाळी, विटांची भिंत, जरीचे काठ, सगळ्यांचं असंच. इलाज तोच, वरच्यासारखा फोटो बारीक करणं, आणि तरी उरलं तर त्या एका फोटोवर किंचित ब्लर. अगदी किंचित, मामीला कळता कामा नये.

कधी इथे कधी तिथे अडकतो: मशीनकडे पाहा

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्सवर जा आणि स्लाइडशो चालू ठेवून पाहा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर ब्राउझर बंद करा, पंधरा टॅब उघडे ठेवून स्लाइडशो पाहायचा नसतो. डिस्क १०० टक्के असेल तर अपडेट, अँटिव्हायरस स्कॅन नाहीतर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं फोल्डर) काहीतरी ओढून राहिलं आहे, ते संपू द्या. फोटो वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतील तर ते तुमच्या लॅपटॉपवर आहेतच असं समजू नका, ढगाचं चिन्ह दिसलं तर राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा.

पेन ड्राइव्हवरून थेट चालवू नका. यूएसबी २ कागदावरच सेकंदाला ६० एमबी आहे, प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही मिळालं तरी नशीब. पूर्ण फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करा, मग चालवा.

मग चार्जर. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःहून सावकाश चालतो, आणि आपल्याकडे कार्यक्रमाच्या वेळी लाइट जायची खात्री असते, म्हणून पॉवर मोडमध्ये जाऊन बेस्ट परफॉर्मन्स करून ठेवा. लाइट आल्यावर चार्जिंग खरंच सुरू झालं का तेही पाहा.

आणि गरमी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, गच्चीखालच्या खोलीत लॅपटॉप गादीवर ठेवून तुम्ही स्लाइडशो चालवता, खालची जाळी बंद, पंखा किंचाळतोय, तर तो जीव वाचवायला वेग कमी करणारच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या खाली स्पीडचा आकडा असतो, तो सुरुवातीला २.४ गिगाहर्ट्झ आणि दहा मिनिटांनी, काम तेवढंच असताना, १ च्या खाली आला तर समजा तापला. टणक टेबलावर ठेवा, मागून दोन बोटं उचला, वहीसुद्धा चालते. कूलरसमोर ठेवावा वाटतो पण एकदम तोंडासमोर नको, ओली हवा आणि थेंब आत जातात.

ग्राफिक ड्रायव्हर अपडेट करणं बरं, पण कार्यक्रमाच्या आदल्या रात्री कधीच नाही. पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्ये स्लाइडशोचं हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करायची टिक असते, ती चुकून लागलेली असेल तर काढा, आणि काढलेलीच असूनही विचित्र चाललं तर लावून पाहा. इथे दोन्हीकडून पाहावं लागतं, मशीन-मशीनवर वेगळं आहे.

शेवटी व्हिडिओच करून टाका

लाइव्ह चालवायचा हट्ट नसेल तर एमपी४ करा, एच.२६४ (व्हिडिओ दाबून बांधायची पद्धत), १९२०×१०८०, ३० फ्रेम, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, १० ते १५ एमबीपीएस. बिटरेट जास्त ठेवला की क्वालिटी जास्त, म्हणून काहीजण ६० करून ठेवतात आणि मग टीव्हीच्या यूएसबीवर तेच व्हिडिओ दम तोडतात. एच.२६५ फाइल लहान करतं, पण जुन्या लॅपटॉपच्या ग्राफिक चिपला ते येत नाही, मग सगळं ओझं सीपीयूवर. नातेवाइकांचा कोणता लॅपटॉप हॉलमध्ये येईल सांगता येत नाही, म्हणून एच.२६४ च.

खात्री करायची असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल जे दाबा, स्टॅटिस्टिक्स टॅब, तिथे लॉस्ट फ्रेम लिहिलेलं असतं. शून्य असेल आणि तरी थरथर दिसत असेल तर मशीन निर्दोष, पुन्हा वरच्या फ्रेमच्या हिशोबाकडे जा. आकडा वाढत चालला असेल तर प्लेयर पोहोचत नाही, तेव्हा प्रेफरन्सेस, इनपुट कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग ऑटोमॅटिक आहे का पाहा.

हॉलमध्ये

किमान तासभर आधी जा. विंडोज आणि पी दाबून सेकंड स्क्रीन ओन्ली करा, डुप्लिकेटमध्ये लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोघांची गाडी एकत्र हाकावी लागते आणि दोघांचे हर्ट्झ वेगळे असले की पुन्हा लंगडणं सुरू. नोटिफिकेशन बंद. आणि त्याच व्हिडिओची एक १२८०×७२० ची प्रत सोबत ठेवा, डेस्कटॉपवर आणि पेन ड्राइव्हवरही.

आमच्याकडे हॉलवाल्याचाच कॉम्प्युटर वापरावा लागला, माझ्या लॅपटॉपपेक्षाही म्हातारा, १०८० वाल्या व्हिडिओवर त्याने दहा सेकंदात दम तोडला. ७२० वाला लावला आणि शेवटपर्यंत एकही झटका नाही, प्रोजेक्टरवर फरक कोणाला दिसला नाही. मामा डोळे पुसत होता. मामीची फक्त एक तक्रार आली, "माझा चौकडीच्या साडीतला फोटो लय लवकर गेला रे, पुन्हा लाव बरं."